दार माझं आहे!

इन्स्पेक्टर शार्दूल सरनोबत यांचा पाय माझ्यामुळे मोडला आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत आणि प्रत्येकीत मी शेवटी हात जोडून रडतो. साफ खोटं! पाय मोडला याचं मला वाईट वाटलं, कारण मी माणूस आहे. पण दार मजबूत निघालं याचं वाईट वाटून घ्यायला मी तयार नाही, कारण मी सेफ्टी डोअर बनवतो. वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. त्यांच्या हातचं दार बसवलेल्या घरात चोर तर सोडाच, किल्ली हरवलेला मालकसुद्धा शिरू शकत नसे. (एक गृहस्थ किल्ली सापडेपर्यंत मेव्हण्याकडे राहिले. तक्रार केली नाही. उलट मेव्हण्यालाच गिऱ्हाईक म्हणून पाठवलं!)

आता हे इन्स्पेक्टर शार्दूल कोण, ते सांगतो. हे खरे पोलीस नव्हेत. ‘चौकी नंबर सतरा’ या मालिकेचे हे नायक. ही मालिका इतकी वर्षं चालू आहे, की सुरुवातीच्या भागांत जी छोटी मुलगी गुंडांनी पळवून नेली होती, ती आता त्याच मालिकेत सरकारी वकील आहे. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते आठ आमच्या घरात गॅस बंद, फोन बंद आणि माझं तोंड बंद. याचं कारण माझी आई. तिचं माहेर नौपाड्याचं, वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरतात, पण आवाज असा की तिनं ‘थांब’ म्हटलं तर रिक्षासुद्धा मीटर न टाकता थांबते.

आईचा एक नियम आहे. ज्याला आपण पहिल्यांदा पाहिलं, तोच खरा. नट बदलला की नवीन आलेला माणूस तिच्या लेखी तोतया. आणि या मालिकेत तर भाडेकरू बदलावेत तशी माणसं बदलली. कमिशनरसाहेबच तीनदा बदलले. तिसरे कमिशनर पडद्यावर आले तेव्हा आई ताडकन उठून बसली.

“अगं नीलिमा, ह्याला तर शार्दूलनंच पकडला होता! त्या बनावट औषधांच्या टोळीत!”

“आई, तेव्हा त्याचा रोल वेगळा होता,” माझी बायको म्हणाली.

“रोल वेगळा, पण चेहरा तोच ना? तुरुंगातून सुटला आणि थेट कमिशनर झाला? आणि शार्दूल अजून इन्स्पेक्टरच! प्रमोशन नाही बिचाऱ्याला.”

शार्दूलची बायको एकदा माहेरी गेली आणि परत आली ती दुसरीच आली. (शार्दूलला ते कळलं नाही. आईला तिनं दारातून पाऊल टाकतानाच कळलं.) पोलिसांचा कुत्रा ‘बहाद्दर’ किती वेळा बदलला त्याची तर गणतीच नाही, आणि मधला एक बहाद्दर कुत्री होती. आईनं कोणालाही माफ केलं नाही. निषेधाची तिची एक ठरलेली पद्धत होती. नवा नट बोलायला लागला की रिमोट उचलायचा, आवाज बंद करायचा आणि त्याचं वाक्य जुन्या नटाच्या ढंगात आपणच म्हणून टाकायचं! ओठ त्याचे, आवाज आईचा. वाक्य बहुतेक वेळा बरोबर यायचं, कारण इतक्या वर्षांत त्या चौकीत कोणी काही नवीन बोललेलंच नव्हतं.

कमिशनर, बायको आणि कुत्रा इथपर्यंत आम्ही निभावून नेलं. पण एक दिवस खुद्द शार्दूलच बदलला.

झालं असं की शार्दूलच्या बोटीचा खाडीत स्फोट झाला आणि त्याचा चेहरा भाजला. आठवडाभर तो पट्ट्यांत गुंडाळून पडला होता. आईनं देवापुढे साखर ठेवली. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खालून भलताच माणूस निघाला! जुना शार्दूल कसा, पोट थोडं सुटलेलं, मिशीत पांढरे केस, शेजारच्या कुलकर्ण्यांसारखा घरगुती. आणि हा गोरा, तरुण, दंडाला वर्दी पुरत नव्हती.

“पट्टी परत बांधा!” आई ओरडली.

“आई, प्लास्टिक सर्जरी झालीये असं दाखवलंय,” नीलिमा म्हणाली.

“चेहऱ्याची ना? मग उंची कशी वाढली? भाजल्यावर माणूस वीतभर वाढतो का? तसं असतं तर आपल्या मनूला लहानपणीच भाजला असता!”

(मनू म्हणजे मी. मनोहर. माझ्या उंचीचा विषय आमच्या घरात असा कुठूनही निघतो.)

पण तिचा खरा राग होता पायावर. जुना शार्दूल दार तोडायचा ते नेहमी डाव्या पायानं. तीच त्याची खूण. दाराबाहेर उभा राहायचा, मान एकदा तिरकी करायचा आणि डाव्या पायाची लाथ! नव्या शार्दूलनं पुढच्याच सोमवारी दार तोडलं ते उजव्या पायानं.

“चेहरा भाजला, मान्य. पाय कसा बदलला?” आईनं आम्हा दोघांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं विचारलं. “हा शार्दूल नाहीच! खऱ्याला कुठेतरी डांबून ठेवलंय. बघाल तुम्ही.”

त्या दिवसापासून सगळा अर्धा तास आवाज बंद, कारण नायक प्रत्येक प्रसंगात! आई एकटी धाडी घालत होती, धमक्या देत होती, कोर्टात साक्ष देत होती. पंधरवड्यात तिचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं, तर तिनं शार्दूलचं काम नीलिमाकडे सोपवलं. माझी सोज्ज्वळ बायको काकडी कोचवता कोचवता “हात वर कर, नाहीतर इथेच गाडीन!” असं ओरडू लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “मनोहरराव, घरी सगळं ठीक आहे ना?”

मला स्वतःला विचाराल, तर जुना काय आणि नवा काय, दोन्ही शार्दूल सारखेच डोक्यात जायचे. कारण दारं! या माणसानं इतक्या वर्षांत शेकडो दारं तोडली आणि प्रत्येक दार पहिल्या लाथेला पडलं. सागाचं पडलं, पत्र्याचं पडलं, एकदा तर बँकेच्या तिजोरीचं पडलं! अख्खं घर शार्दूलच्या बाजूनं असायचं आणि मी एकटा दाराच्या बाजूनं. वर गिऱ्हाईकांचा छळ वेगळाच. सगळं माप घेऊन झालं, डिझाइन ठरलं, की डोळा मारून विचारायचे, “काय मनोहरशेठ, शार्दूलच्या लाथेला टिकेल ना?” आणि स्वतःच हसायचे. हसणं मला जमायचं नाही. वडिलांची कारागिरी आणि हे लोक तिची किंमत टीव्हीवरच्या लाथेत करत होते.

अशात एके सकाळी कारखान्यावर एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्रांची माळ, दोन्ही हातांत फोन. नाव बंटी. मालिकांसाठी जागा शोधणं, माणसं जमवणं हे त्याचं काम.

“शेठ, एक दिवसासाठी जागा पायजे. व्हिलनचा अड्डा दाखवायचाय. तुमची जागा एकदम परफेक्ट आहे. काय बदलायलाच नको!”

(त्याच महिन्यात आम्ही सगळा कारखाना रंगवून घेतला होता. मी अपमान गिळला.)

“कुठली मालिका?”

“‘चौकी नंबर सतरा’. शार्दूल येणार, दार तोडणार, आत घुसणार. काम खल्लास.”

“दार तोडणार? कुणाचं?”

“तुमचं नाय हो! आमचं दार आम्ही आणतो. तुमचं काढायचं, आमचं लावायचं. शॉट झाला की परत जैसे थे.”

मी हो म्हटलं, इथपर्यंत ठीक होतं. घरी जाऊन सांगितलं, तिथे चुकलो.

“मी येणार,” आई म्हणाली. “त्या तोतयाला मला समोरासमोर बघायचाय.”

“अगं आई, तुझे गुडघे…”

“गुडघे राहू देत घरी. मी येणार.”

शूटिंगच्या दिवशी आई आणि नीलिमाला गाडीत घालून मी वागळे इस्टेटला पोचलो. आमच्या गल्लीत दिवे, वायरी, छत्र्या आणि पोलीसच पोलीस. आईनं साडी लग्नाला जायची नेसली होती आणि चेहरा कोर्टात जायचा केला होता. नवा शार्दूल वर्दीत, खुर्चीवर बसून वडापाव खात होता. आईला बघताच तो उठला, तेलकट हात मागे धरला आणि वाकून नमस्कार केला.

आई काही नमस्काराला भुलणारी नव्हे. “औक्षवंत हो. खरं नाव काय तुझं?”

“रोशन. आंबिवलीचा मी, आजी.”

“हे बघ रोशन, शार्दूल डावखुरा आहे हे तुला कुणी सांगितलं नाही का?”

“नाय आजी,” तो चपापला. “मला फक्त डायलॉग दिले.”

“इतकी वर्षं तो डाव्या पायानं दार तोडतोय आणि तू येऊन खुशाल उजव्यानं तोडतोस? माणसाचा चेहरा बदलला तरी सवय बदलत नाही.”

मला वाटलं आता भांडण होणार. पण त्या पोरानं वडापाव खाली ठेवला आणि खरं तेच सांगून टाकलं. “आजी, सगळे मलाच शिव्या देतात. माझी आयपण म्हणते, तो जुनाच बरा होता! इतकी वर्षं मी कधी मयत झालो, कधी हवालदार झालो. आता कुठं मोठं काम मिळालंय. वरून सांगितलंय, लोकांनी नाय स्वीकारला तर पुढच्या महिन्यात मलापण बदलतील.” मग त्यानं बुटाकडे पाहिलं. “डावा तर डावा. आज तुमच्यासाठी डाव्यानं मारतो.”

आईनं पिशवीतून बेसनाचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा नीलिमानं माझ्याकडे पाहिलं. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी दार बघत होतो.

काय सांगू त्या दाराची दशा! पातळ प्लाय, त्यावर लोखंडासारखा रंग, बिजागऱ्यांना एकेक स्क्रू, कडी नुसती टेकवलेली आणि कडीजवळ मागून करवतीची चीर. जोरात शिंकलं तरी पडलं असतं. आणि वर वडिलांच्या नावाची कारखान्याची पाटी! बंटी म्हणाला होता, “पाटी राहू दे शेठ, रिअल वाटतं.” म्हणजे अख्खा महाराष्ट्र वडिलांचं नाव वाचणार आणि त्याखालचं दार एका लाथेत भुईसपाट झालेलं बघणार.

आता इथे लोक मला शहाणपण शिकवतात. “अहो, ते दार तोडण्यासाठीच होतं ना?” होतं! मला माहीत होतं! मी काही बावळट नाही. दार पडूच नये असं माझं म्हणणं नव्हतं. फक्त पहिल्या लाथेला पडू नये. दुसऱ्या लाथेला पडलं असतं तर माझी काही हरकत नव्हती, आणि तिसऱ्या लाथेला पडलं असतं तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे पत्रावळ्यांमागे धावले. मी एकच स्क्रू आवळायला म्हणून आत गेलो. पण आमच्या धंद्यात एक वाईट आहे. एक स्क्रू आवळला की शेजारचा ढिला वाटतो. तो आवळला की बिजागरी हलकी वाटते. बिजागरी बदलली की चौकट नाजूक वाटते. मी आमच्या नेहमीच्या तीन बिजागऱ्या लावल्या, मागून लोखंडी पट्ट्या मारल्या, कडीला जाड कोयंडा बसवला आणि शेवटी सवयीनं आतून साखळीसुद्धा लावली. बाहेरून दार होतं तसंच दिसत होतं, कारण चांगलं काम दिसत नाही. मी आतल्या बाजूनं कौतुकानं त्यावर हात फिरवत होतो, आणि जेवणाची सुट्टी संपली हे मला कोणीही येऊन सांगितलं नाही.

बाहेरून एकदम आवाज आला. “पोलाद! तुझा खेळ संपला!”

(पोलाद हा त्या मालिकेतला गुंड. तोवर त्याचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशीही पाहायचं नव्हतं. दार पडणार आणि पोलाद मागच्या खिडकीतून पळालेला असणार, असा बेत होता.)

आणि लाथ बसली. आजीला दिलेल्या शब्दाला जागून, जीव खाऊन मारलेली डाव्या पायाची लाथ!

दार हललंसुद्धा नाही. खरं सांगतो, पहिल्या क्षणी माझी छाती अभिमानानं भरून आली. दुसऱ्या क्षणी बाहेरून किंकाळी आली, “आये गो! पाय मोरला माजा!” आणि तिसऱ्या क्षणी मी जे केलं ते डोंबिवलीतला कोणताही संसारी माणूस करतो. दारावर जोरात आवाज आला की आपण काय करतो? साखळी न काढता दार चार बोटं उघडतो, फटीतून एक डोळा बाहेर काढतो आणि विचारतो,

“कोण आहे? काय पाहिजे?”

समोर कॅमेरे, दिवे, तोंडं उघडी टाकून उभे असलेले लोक आणि जमिनीवर पाय धरून लोळणारे इन्स्पेक्टर शार्दूल सरनोबत. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

“दार माझं आहे,” मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

सगळ्यांच्या आधी आई धावत आली, गुडघ्यांसकट! मी साखळी काढून बाहेर आलो.

“मनू, काय केलंस रे?”

“काही नाही. बिजागरी लावली.”

आईनं दाराकडे पाहिलं. ती आयुष्यभर दारवाल्याची बायको होती. एका नजरेत तिला सगळं कळलं.

“तीन लावल्यास?”

“तीन.”

“कर्म माझं!” आईनं कपाळावर हात मारला. “अरे, बापानंसुद्धा प्लायला कधी तीन लावल्या नाहीत!”

रोशनला रिक्षात घालून नौपाड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. घोट्यापाशी हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. पोरगा रडत होता, पण दुखतंय म्हणून नव्हे. “आजी, रोल गेला माझा,” एवढंच म्हणत होता. आणि बाहेर पॅसेजमध्ये बंटी फोनवर बोलत होता, “हां सर, दुसरा शार्दूल रेडी ठेवा. पुन्हा जाळून टाकू. या टायमाला गोडाऊन जाळू.”

आईनं ते ऐकलं. “ए, इकडे ये. कुणाला जाळताय?”

“काकी, आता नवीन शार्दूल आणावा लागणार ना…”

“नवीन? तिसरा? माणूस आहे का पापड? किती वेळा भाजणार?”

“पण काकी, प्लास्टर आहे त्याला. फाईट कोण करणार?”

“पोलिसाचा पाय कधी मोडत नाही? खुर्चीत बसून तपास करू दे! डोकं चालवायला पाय लागत नाहीत. आणि नीट ऐकून ठेव, हाच खरा शार्दूल आहे. डाव्या पायानं लाथ मारलीन! तुम्ही तिसरा आणलात, तर नौपाड्यापासून आंबिवलीपर्यंत एक बाई ही मालिका बघणार नाही. माझं माहेर नौपाड्यात आहे, सासर डोंबिवलीत आणि आंबिवली रोशनची आई बघून घेईल!”

सकाळपर्यंत तोतया असलेला माणूस दुपारी खरा झाला होता! बंटी डोकं खाजवू लागला. “पण काकी, पाय मोडला कुणी, असं दाखवायचं? दारानं मोडला असं तर नाय दाखवता येत. शार्दूलची इज्जत जाईल.”

तेवढ्यात मालिकेचे दिग्दर्शक फोनवर मघाचं चित्रण बघत बघत आत आले. पुन्हा पुन्हा तोच तुकडा चालू होता. दाराची फट, एक डोळा, ‘दार माझं आहे’.

“कोण आहे हा आर्टिस्ट?” ते म्हणाले. “बाहेर पोलीस पडलाय आणि हा काय थंड आहे! हाच पोलाद!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“छे छे! मी कारखानदार आहे,” मी म्हणालो.

“मनू, पोराचा पाय तू मोडलास,” आई म्हणाली. “हो म्हण.”

“मी दार मजबूत केलं. पाय त्यानं मोडला.”

“मनोहर!”

आमच्या घरात पूर्ण नाव आलं की चर्चा संपते. मी हो म्हटलं, पण पुन्हा सांगतो, माफी मागितली नाही.

अशा रीतीनं रोशनची नोकरी वाचली आणि मी गुंड झालो. दुसऱ्या दिवशी त्याच दारामागे उभं करून माझं जवळून चित्रण केलं. काम सोपं होतं. दार उघडायचं, डोळा दाखवायचा, वाक्य म्हणायचं. पहिल्या वेळी मी दार छान उघडलं, पण वाक्य विसरलो. मग वाक्य आठवलं, तर साखळी काढून बसलो. एकदा सगळं जुळून आलं, आणि तोंडातून सवयीनं गेलं, “दार माझं आहे, पाच वर्षांची गॅरंटी!” दिग्दर्शक उन्हात जाऊन उभे राहिले. पण शेवटी जमलं.

भाग लागला आणि काय सांगू! भाजीवाला मला वाकून नमस्कार करू लागला. रिक्षावाले सुट्टे पैसे न मागता परत देऊ लागले. गिऱ्हाईकं आता डोळा मारत नव्हती, “शार्दूलचा पाय मोडला तसलंच द्या” म्हणून मागत होती. घरी शांतता झाली. आईनं आवाज पुन्हा सुरू केला, शार्दूल खुर्चीत बसून पोलादला शोधू लागला आणि नीलिमा पोलीस खात्यातून निवृत्त झाली. रोशन कुबडी टेकत जेवायला यायचा आणि आई त्याला गरम पोळी वाढायची. मी तव्यावरची पहिली मागितली की म्हणायची, “तू गप्प बस, पोलाद.”

मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे सांगतो, हवा थोडी माझ्याही डोक्यात गेली. मी गॉगल घेतला. मिशीला कलप लावला. बागेत फिरायला जाताना एक भुवई वर ठेवून चालायला लागलो. शार्दूलचं प्लास्टर निघालं आणि शार्दूल आणि पोलादची शेवटची झुंज येणार अशी जाहिरात लागली, तेव्हा मी बंटीला फोन केला.

“मला कधी यायचंय?”

“तुम्ही नका त्रास घेऊ शेठ. फाईट डुप्लिकेट मारेल. तुम्ही आरामात टीव्ही बघा.”

बरोबरच आहे, मी मनात म्हटलं. मोठ्या कलाकारांची मारामारी डुप्लिकेटच करतो. मी अर्ध्या सोसायटीला घरी बोलावलं. नीलिमानं बटाटेवडे तळले. मी मधली खुर्ची घेतली. आई दिवाणावर, शेजारी कुलकर्णी वहिनी आणि आईच्या हातात रिमोट.

साडेसात वाजले. पडद्यावर शार्दूल दाराबाहेर उभा. मान तिरकी केली आणि डाव्या पायाची लाथ! दार पहिल्या फटक्यात आडवं.

“हे माझं दार नाही!” मी उभा राहिलो.

“खाली बस,” आई म्हणाली.

आतून धूर आला. धुरातून पोलाद बाहेर आला. दाढी, रुंद छाती आणि माझ्यापेक्षा निदान वीतभर उंच!

“अहो,” नीलिमा हळूच म्हणाली, “हे तुम्ही नाही.”

पडद्यावर शार्दूल गरजला, “पोलाद! प्लास्टिक सर्जरी करून आलास, तरी मी तुला ओळखलंय!”

मी आईकडे पाहिलं. जिनं कमिशनर माफ केला नाही, शार्दूलची बायको माफ केली नाही, कुत्रासुद्धा माफ केला नाही, त्या माझ्या आईकडे! तिच्या पोटच्या पोराची जागा कोणीतरी तोतया घेत होता. आईनं रिमोट उचलला. माझे डोळे भरून आले. तिनं अंगठा दाबला.

आवाज वाढला.

“हा बरा आहे हो,” आई कुलकर्णी वहिनींना म्हणाली. “आधीचा अगदीच मिळमिळीत होता. आणि उंचीपण नव्हती.”

पण मी हार मानलेली नाही! पोलाद पडला नाही, तुरुंग फोडून पळाला, आणि हल्ली रोज दिसतो. तो पडद्यावर आला की मी आईच्या हातातून रिमोट ओढून घेतो, आवाज बंद करतो, भुवई वर चढवतो आणि त्या तोतयाच्या ओठांवर माझ्या खऱ्या आवाजात ठणकावून सांगतो, “दार माझं आहे!”

आणि मागून आई ओरडते, “मनू, आवाज लाव आधी! त्या बिचाऱ्याला नीट बोलू दे!”